पाकटाची सहा खोकी

१४ मे
फ्रीज: एक अंश.

सणाचं जेवण आमच्याकडे आलं. कप्तान अल्विझे स्वतः गाळ्यावर येऊन सांगून गेले, आणि शेजारच्या गाळ्यावरच्या फोस्काला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून गेले. अकरा जूनला आपल्या दोन्ही संतांचा सण. त्या दिवशी कप्तानांच्या निवृत्त खलाशांच्या मंडळाचं जेवण. एकशे चाळीस पानं. मासळी सगळी आमची. गेली सहा वर्षं हे काम फोस्काकडे होतं.

"सहा वर्षांत एक तरी तक्रार आली का?" फोस्काने तिच्या कट्ट्यावरून विचारलं.

"तक्रार नाही आली," कप्तान म्हणाले. "पण दुसऱ्यांदा वाढा असंही कोणी म्हटलं नाही."

त्यानंतर फोस्काने एका लेप माशाचं डोकं जरा जास्तच जोरात उडवलं.

ही वही सुनेने आणली. सरकारी नियम असा की फ्रीजचं तापमान रोज लिहायचं. तपासनीस पुढून वाचतो, म्हणून मी मागून लिहितो. पुढे आकडे, मागे मी. नोएमी, म्हणजे डेनिसची बायको, डोंगरातल्या गावची; तिथे मासा म्हणजे ओढ्यातला नाहीतर डब्यातला. पूर्वी औषधांच्या दुकानात होती. डेनिस समुद्रातल्या वायूच्या फलाटावर कामाला असतो, महिन्यातून एक आठवडा घरी येतो. माझा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा, गेल्या ऑक्टोबरात, ती गाळ्यावर आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने फ्रीजच्या दारावर तक्ता चिकटवला. डोळे, कल्ले, कातडी, पोट, वास; ताजा मासा कसा, शिळा कसा; चित्रांसकट.

मी म्हटलं, "पोरी, शेवटची एक ओळ पुरे. वास. वरच्या चार ज्यांना नाक नाही त्यांच्यासाठी."

चाळीस वर्षं मी खोक्यावरून नाक फिरवतो आणि मासा सकाळी पाण्याबाहेर आला की आदल्या संध्याकाळी ते सांगतो. हे कुठल्या तक्त्यात लिहिणार?

१७ मे
फ्रीज: एक अंश. मी: अडतीस आणि वर थोडं.

शिंका, ताप, डोकं जड. गाळा बायका सांभाळतायत. आर्मिदाने, म्हणजे माझ्या बायकोने, छातीला काहीतरी चोळलं. काय ते कळलं नाही, पण गरम होतं.

२२ मे
फ्रीज: एक अंश.

आज पुन्हा गाळ्यावर. पाच दिवस मी नव्हतो तर गावच बिघडलं. पुलाजवळच्या बारमध्ये कॉफीचे दाणे बदललेत, पितो ते नुसतं गरम पाणी. मालकाला तोंडावर सांगितलं.

तो म्हणाला, "अकरा वर्षं तोच माल घेतो मी, ओरेस्ते."

म्हणजे पोतंही अकरा वर्षांपूर्वीचंच असणार.

घरी आर्मिदाने तारल्या तळून कांदा-व्हिनेगरमध्ये मुरवल्या होत्या. दोन दिवस मुरलेल्या, पण घासाला चवच नाही. मी म्हटलं, कांद्यात जीव नाही. ती म्हणाली, "कांदा आहे तो. जीव कशाला हवा त्याला?" आणि ताट उचलून घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

नोएमीचं नेमकं उलटं. तिला सगळ्याचा वास येतो. बारमधल्या कॉफीचा, माझ्या दाढीच्या साबणाचा, फोस्काच्या मांजराचा. सकाळी माझ्याजवळ आली आणि दोन पावलं मागे सरकली.

"बाबा, काल लसूण खाल्लात?"

परवा खाल्ला होता. डोंगरातली माणसं स्वच्छ हवेत वाढतात, त्यांची नाकं नाजूक. तरी ऑक्टोबरपासून तिला बाजाराची चांगली सवय झाली होती. ती मे महिन्यात कशी मोडली कळत नाही.

२४ मे
फ्रीज: दोन अंश. दार उघडं राहिलं होतं, माझ्याकडून.

सूनबाईंनी माझी रबरी नळी जप्त केली. मी दर तासाला मासळीवर नळाचं पाणी मारतो. वर लाल कापडाचं छत, खाली ओला मासा, काय चमकतो. ती म्हणते, गोड्या पाण्याने अंगावरचा बुळबुळीत थर धुऊन जातो.

"तो त्याचा कोट आहे, बाबा. कोट काढलात की लवकर सडतो."

मग तिने सगळी खोकी नव्याने लावली. खाली बर्फ, मग मासा, वर पुन्हा बर्फ. साफ केलेल्या माशाचं पोट खालच्या बाजूला, म्हणजे आत पाणी साठत नाही. तळाची भोकं मोकळी.

"मासा बर्फात ठेवायचा, बर्फाच्या पाण्यात नाही."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. भोकं खवल्यांनी बुजली होती, एवढंच.

एक गिऱ्हाईक म्हणाली, "आज मासा कमी चमकतोय, ओरेस्ते." मी म्हटलं, "आज तो कोट घालून बसलाय." ती हसली आणि दोन किलो घेऊन गेली.

२८ मे
फ्रीज: एक अंश.

दुपारच्या लिलावात पाकटाची सहा खोकी मारली. सणाच्या जेवणात पाकटाच्या रश्श्यातला भात करावा असं मनात आहे, त्याची रंगीत तालीम.

आपल्याकडे बोली कानात सांगतात ते किती बरं. बाहेरगावचे व्यापारी हसतात, पण यात शेजाऱ्याला काही कळत नाही. लिलाववाल्या सांतेच्या कानाशी तोंड न्यायचं, हाताचा आडोसा करायचा, आकडा सांगायचा. तो सगळ्यांचे आकडे मनात ठेवतो आणि ज्याचा वरचढ त्याच्याकडे बोट दाखवतो. तीस वर्षं लिलाव करतोय, एकाचा आकडा दुसऱ्याला सांगितला नाही. घरीही काही सांगत नाही म्हणतात, म्हणून संसार टिकलाय.

पाकटं मोठी सुरेख. डोळे स्वच्छ, कातडी ओलसर, पंख भरलेले. खोक्यावरून नाक फिरवलं. कसलाच वास नाही, म्हणजे अगदी ताजी. डोळे मात्र जरा चुरचुरले. सर्दीचा शेष असणार. आकडा सांगितला. सांतेने माझ्याकडे पाहिलं आणि उलट माझ्याच कानात कुजबुजला, "पक्कं?"

लिलाववाला उलट कुजबुजतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, आकडा कमी पडतोय. वाढवला. त्याने क्षणभर डोळे मिटले आणि माझ्याकडे बोट केलं.

फोस्का पलीकडे हाताची घडी घालून उभी होती. सांतेच्या कानापर्यंत आलीसुद्धा नाही. माझा आकडा चेहऱ्यावरूनच ओळखला असेल तिने.

नोएमी पोटात बरं नाही म्हणून आधीच घरी गेली होती. मी एकट्याने खोकी बर्फात लावली. भोकं मोकळी, सगळं तिच्या पद्धतीने.

२९ मे
फ्रीज: एक अंश. आत काही नाही.

सहाही खोकी टाकून दिली. एक तुकडाही विकला गेला नाही. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात थांबणार नाही.

सकाळी मी पाकटं कट्ट्यावर मांडली. नोएमी आली, चार पावलांवर थांबली, पांढरीफटक झाली आणि तोंडावर हात ठेवून कालव्याकडे धावली. परत आली ती रुमाल नाकाला लावून.

"बाबा, हे काढा आधी."

"काय काढू?"

"पाकटं. अमोनियाचा वास मारतोय. औषधांच्या दुकानात ज्याने फरशी पुसायचो तसा."

मी खाली वाकून पाकटाला जवळजवळ नाक टेकवलं. काही नाही. तिला म्हटलं, तुझं हल्ली नाकच बिघडलंय. तेवढ्यात फोस्का तिच्या कट्ट्यावरून म्हणाली, "ओरेस्ते, काचा धुतोस का रे? तुझ्या गाळ्याला तर काचा नाहीत."

जेवण हातचं गेलं म्हणून जळते, असं मला वाटलं. तीन गिऱ्हाइकं न थांबता पुढे गेली. तरी मी ठाम. मग फोस्काचं मांजर आलं. हे मांजर माझ्या बुटाची नाडी खातं. त्याने मान पुढे केली, मान मागे घेतली आणि मी त्याचा अपमान केल्यासारखं माझ्याकडे बघून निघून गेलं.

तेव्हा पहिल्यांदा मी हातातला सुरा खाली ठेवला.

नोएमी मला मागच्या बाजूला घेऊन गेली. "डोळे मिटा." मिटले. "काय आहे?"

"काही नाही. तुझा हात आहे."

"उघडा."

नाकाखाली बारमधला कॉफीचा डबा होता, झाकण काढलेला.

म्हणजे दाणे बदलले नव्हते. कांद्यातही जीव होता. मी उलट्या खोक्यावर बसून राहिलो आणि नोएमीने तक्ता आणून दाखवला. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पाकट आणि मुशी यांचे डोळे, कातडी बरेच दिवस चांगली दिसतात, त्यांच्या बाबतीत वास घ्यावा. आयुष्यभर मी वास, वास म्हणत आलो. नाक गेल्यावर नेमकं पाकट घेतलं. उघड बोली असती तर बाकीचे गप्प आहेत हे तरी कळलं असतं. आपल्याकडे सगळेच गप्प असतात.

नंतर सांते भेटला. पाकटं आणणारी होडी चार दिवस बाहेर होती म्हणे.

"मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला.

"मी आकडा वाढवला."

"ते पाहिलं मी. विसरायचा प्रयत्न करतोय."

३१ मे
फ्रीज: एक अंश.

डॉक्टरकडे गेलो. नर्सने आमचं आडनाव, "तिओत्सो", पुकारल्यावर तिघे उठले; निम्म्या गावाचं तेच आहे. "तिओत्सो ओरेस्ते" म्हटल्यावरही दोघे. दुसरा कानासाठी आला होता, त्यामुळे वाद लांबला.

डॉक्टर म्हणाला, सर्दीने असं होतं, परत येईल. कधी? दोन आठवडे, दोन महिने, वर्ष. "आणि कधीकधी," असं म्हणून तो हात धुवायला उठला. व्यायाम दिलाय: लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरीचं तेल रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचं. आज संध्याकाळी चौघांना भेटलो. चौघांनीही ओळख दिली नाही.

आर्मिदाला सांगितलेलं नाही. जेवणाची भरपूर तारीफ करतोय. तिला त्याचाच संशय येतोय बहुतेक.

खरा प्रश्न अकरा जूनचा. कप्तानांना सांगितलं तर जेवण फोस्काकडे जाणार आणि अर्ध्या तासात गावभर होणार. न सांगता एकशे चाळीस म्हाताऱ्यांना वाढायचं आणि त्यातल्या एकाला जरी काही झालं, तर आजोबांपासूनचा गाळा माझ्या हातून बंद पडणार. सहासष्टाव्या वर्षी दुसरं काही करताही येत नाही मला.

हे सगळं नोएमीला बोलून दाखवलं. ती सफरचंद खात होती. हल्ली हिरवं सफरचंद आणि कोरडे टोस्ट एवढंच खाते. डोंगरात असंच खात असतील.

"तुमच्याकडे डोळे आहेत, बोटं आहेत," ती म्हणाली. "माझ्याकडे नको तेवढं नाक आहे. दोघं मिळून एक मासेवाला होईल."

२ जून
सोमवार, बाजार बंद. फ्रीज: शून्य.

आज तक्ता वाचला. लावल्यापासून आठ महिन्यांनी.

नोएमीने दोन बांगडे आणले, एक कालचा, एक मुद्दाम शिळा केलेला, आणि माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. मी म्हटलं, नाक गेलंच आहे, आता डोळेही घे. पण बोटांनी एका क्षणात सांगितलं. ताजा बांगडा डोक्याकडून आडवा धरला की काठीसारखा राहतो. शिळा ओल्या मोज्यासारखा लोंबतो. ताज्याला दाबलं की खळगा लगेच भरून येतो. शिळ्यात बोटाचा ठसा तसाच. मग रुमाल सोडून डोळे: फुगीर आणि काळेभोर, की दुधाळ आणि खोल गेलेले. कल्ले: लाल, मग विटकरी, मग तपकिरी. तारलीचं आधी पोट सुटतं.

चाळीस वर्षं मी नाक फिरवत होतो तेव्हा बोटंही त्याच खोक्यात होती. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मीही तिला दोन गोष्टी सांगितल्या. ताज्या माकुळाच्या कातडीवर बोट फिरवलं की ठिपके अजून हलतात. बोईच्या कल्ल्याचं झाकण उघडताना बोटाला विरोध झाला पाहिजे. सहज उघडलं तर सोडून द्यायचं. तिने पेन काढून तक्त्याखाली लिहून घेतलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी आलो तर आर्मिदा विणत बसलेली. जूनमध्ये लोकर, तीही पिवळी. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाली, "हिवाळा येतोच दर वर्षी."

५ जून
फ्रीज: एक अंश.

नोएमीला लिलावाला नेलं. खूण ठरली होती: माझा कोपर एकदा दाबला तर घ्यायचं, दोनदा दाबला तर सोडायचं.

"ओरेस्ते, अंगरक्षक आणलीस का?" कोणीतरी ओरडलं.

"पाकटांच्या भीतीने," दुसरा म्हणाला. म्हणजे गोष्ट पोचलीय.

तेरा खोक्यांपर्यंत छान चाललं. तिचं नाक बघून मला माझं तरुणपण आठवलं. तीन खोक्यांपलीकडची तारली कालची आहे हे तिने न वाकता सांगितलं. चौदाव्याला तिने माझा कोपर पाच वेळा दाबला आणि पळाली. पाच म्हणजे काय ते ठरलेलं नव्हतं. मी बोली लावली नाही.

बाहेर गेलो तर ती कालव्यावर ओणवी, आणि फोस्का तिचं कपाळ धरून उभी. फोस्काने तिला पाणी दिलं, एपरनच्या खिशातून लिंबू काढून दिलं, कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. माझी सून फोडायचा डाव दिसतो. लक्ष ठेवायला हवं.

७ जून
फ्रीज: एक अंश.

आर्मिदाने आज जाहीर केलं की नोएमी लिलावाला जाणार नाही.

"का? अकरा तारीख चार दिवसांवर आलीय. तिच्या नाकाशिवाय मी काय करू?"

"स्वतःचं वापर."

मी टोपी शोधायला लागलो. ती म्हणाली, "कांद्याच्या दिवसापासून माहितीय मला. डॉक्टरने नाकाआधी तुझी अक्कल तपासायला हवी होती." आणि पुन्हा विणायला लागली.

आता एकटा लिलावाला उभा राहणार, तर लपवून ठेवायची मला लाज वाटली. सरळ कप्तानांकडे गेलो. ते धक्क्यावर बाकावर बसले होते.

"कप्तान, मला तीन आठवडे वास येत नाही."

"कशाचाच?"

"कशाचाच."

"आर्मिदाच्या स्वयंपाकाचा?"

"त्याचाही नाही."

"तरी म्हटलं तुझ्या घरात एवढी शांतता कशी." मग माझ्याकडे वळले. "सहा खोकी पिंपात जाताना निम्म्या बाजाराने पाहिली, ओरेस्ते. त्यातलं एक जरी विकलं असतंस तर मी आज इथून उठून गेलो असतो. पण मंडळाला मी जबाबदार आहे. दहा तारखेला संध्याकाळी आमचे तीन जुने सभासद येतील, प्रत्येक खोकं बघतील. एक जरी त्यांनी नापास केलं, तर सगळं काम फोस्काचं. तिला माल तयार ठेवायला सांगतो."

मान्य केलं. दुसरं काय करणार होतो?

१० जून
फ्रीज: शून्य. क्रमाने लिहितो.

दक्षिणेचा गरम वारा सकाळपासून. असल्या हवेत मासा उन्हात पाव तास राहिला तरी म्हातारा होतो. होड्या उशिरा आल्या. नोएमीने दुपारपासून फ्रीज धुऊन, बर्फ फोडून, खोकी मोकळी करून ठेवली होती. म्हणाली, मासा आल्यावर बर्फ शोधत बसायचं नाही, बर्फाने माशाची वाट बघायची.

लिलावात एकटा उभा राहिलो. बोईची बारा खोकी आणि माकुळाची आठ हवी होती. पाकटाच्या भाताचं नावही काढायचं नाही असं ठरलंय. प्रत्येक खोक्यापाशी आधी डोळे, मग कल्ले, मग बोट. वरचे दोन, मधले दोन, तळाचे दोन.

"मासे घेतोयस की नाडी बघतोयस?" मागून कोणीतरी म्हणालं.

"तुझी बघू का नंतर?" मी म्हटलं.

वीस वेळा सांतेच्या कानाशी गेलो. वीसही वेळा तो उलट काही कुजबुजला नाही. त्याच्या गप्प राहण्याने इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

सहा वाजता कप्तान तिघांना घेऊन आले. नाने, गास्पारे आणि उंबेर्तो. तिघांची वयं मिळून अडीचशेच्या वर. फोस्काही आली, बोलावणं नसताना. नोएमी नाकाशी लिंबू धरून दारात.

नानेने पहिलं खोकं हुंगलं. "उत्तम. समुद्रच."

गास्पारेने तेच हुंगलं. "वास मारतोय."

कप्तान तिसऱ्याकडे वळले. उंबेर्तो म्हणाले, "मला विचारू नका. इंजिनरूममध्ये तीस वर्षं काढली, नव्वद सालापासून मला कसलाही वास येत नाही."

"मग दहा वर्षं तू या समितीत करतोस काय?" कप्तानांनी विचारलं.

"जेवतो."

दारातून नोएमी म्हणाली, "आजोबा, वास तुमच्या कोटाचा आहे. कापूर."

गास्पारेने बाही हुंगली, कोट काढला, नोएमीच्या हातात दिला, तिने तो हात लांब करून बाहेर टांगला. मग त्यांनी पुन्हा हुंगलं आणि म्हणाले, "हां. समुद्र."

अठरा खोकी अशी झाली. नाने हुंगणार, गास्पारे मान हलवणार, उंबेर्तो मीठ किती घालणार ते विचारणार. मी प्रत्येक खोकं उघडताना सवयीने बोट लावत होतो. एकोणिसाव्यात वरची बोई चांगली होती. खालची दाबली, खळगा तसाच राहिला. आणखी खालची घेतली; कल्ल्याचं झाकण काही न करता उघडलं, आत विटकरी रंग. हे मी लिलावात कसं सोडलं? घाईत तळाशी हात गेला नसणार.

नाने तोवर हुंगून म्हणाले होते, "उत्तम."

गप्प बसलो असतो तर काम झालं होतं. मी खोकं उचलून बाजूला ठेवलं. "हे नको."

नोएमी पुढे आली, खोक्यावर वाकली आणि कालव्याकडे धावली. म्हणजे माझं बोट खरं निघालं.

कप्तान टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "एक जरी नापास झालं तर, असं ठरलं होतं आपलं."

"समितीने नापास केलं तर, असं ठरलं होतं," फोस्का म्हणाली. तिचा आवाज दोन्ही गाळ्यांत भरला. "समिती तर उत्तम म्हणाली. नापास यानेच केलं. आता याला स्वतःच्या मालाबद्दल शिक्षा करायची असेल तर करा, पण मग उद्यापासून बाजारात कोणी खराब मासा बाजूला काढणार नाही."

कप्तानांनी टोपी पुन्हा घातली. "आणि एक खोकं कमी पडेल त्याचं काय?"

"माझ्याकडून नेईल." मग माझ्याकडे वळून, "दाबून बघ हो, नाहीतर तुला झोप लागायची नाही."

दाबून पाहिलं. मासा चांगला होता. मी तिचे आभार मानायला लागलो तर म्हणाली, "तुझ्यासाठी नाही देत. तिला आता असला ताप नको, म्हणून देते," आणि बाहेर नोएमीकडे बोट केलं. नोएमीबद्दल तिला एवढी माया कधीपासून आली कळत नाही, पण खोकं घेतलं.

शेवटचं विसावं खोकं उंबेर्तोंनी हट्टाने स्वतः तपासलं. बोटाने दाबलं, बोट चाटलं, आणि म्हणाले, पास.

११ जून
फ्रीज: एक अंश, धुतलेला.

एकशे चाळीस पानं उठली. माकूल आधी संपलं, बोई मागून. दुसऱ्यांदा वाढा असं सगळ्यांनी म्हटलं, उंबेर्तोंनी चौथ्यांदा. तक्रार फक्त वाइनची, आणि ती आमची नव्हती. कप्तान निघताना म्हणाले की पुढच्या वर्षीचं काम दोन्ही गाळ्यांनी मिळून करावं. समितीही बदलणार आहेत, नाकांऐवजी बोटं बघून. फोस्का हो म्हणाली आणि मीही.

माझं नाक अजून बंदच आहे. चौघांना सकाळी भेटलो, संध्याकाळी पुन्हा भेटेन.

नोएमीने आज पहिल्यांदा पानात भात आणि थोडी बोई घेतली. म्हणाली, रविवारी डेनिस येतोय. एरवी तो महिन्याच्या अखेरीस येतो, पण मध्येच दोन दिवसांची रजा काढलीय. सगळ्यांनी जेवायला हजर राहायचं, काही सांगायचंय, आणि टेबलावर मासा अजिबात नको. आर्मिदा लगेच खाली बघून हसली, म्हणजे तिला आधीच माहीत आहे. मला कोणी सांगितलं नसलं तरी मी ओळखलंय. पोरीला गाळ्यावर आपलं नाव हवंय. संकोचते बिचारी, म्हणून नवऱ्याला बोलावून घेतलं. मागायची वेळच येऊ द्यायची नाही असं मी ठरवलंय. रंगाऱ्याला सोमवारी नव्या पाटीचं माप घ्यायला बोलावलंय, बाजार बंद असतो, निवांत होईल.

त्याने विचारलं, "नावं किती?"

मी म्हटलं, "सध्या दोन धर. रविवारचं जेवण झालं की पक्कं सांगतो."